संगणकांतील आगंतुक वादक

घरगुती संगणकावर न मागतां येऊन बसणाऱ्या एका प्रकारच्या सॉफ्टवेअरविषयीं आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत. गाणें, भाषण किंवा चित्रपट संगणकावर ऐकविणारा व दाखविणारा जो प्रोग्रॅम असतो त्यास मीडिया प्लेअर म्हणतात. बोलण्याच्या सोयीसाठीं मी त्यास वादक म्हणेन. असा एक वादक प्रत्येक संगणकावर असावा ह्याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. माझी तक्रार आहे ती दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वादकाबद्दल. ज्यास आपण बोलाविलें नाहीं, जो दुसऱ्याच कोणाच्या पाठीवर बसून घरांत येतो, आणि एकदां आंत आला म्हणजे घरधन्यालाच ओसरीवर बसवितो, त्याच्याबद्दल. 'घरचें झालें थोडें आणि व्याह्यानें धाडलें घोडें' ही म्हण येथें सुचते खरी. पण व्याह्याचें घोडें निदान दारांत उभें असलेलें दिसतें, आणि तें परत धाडतां येतें.

एक वस्तु हवी असल्यास दुसरी घेतलीच पाहिजे, ही व्यापाराची रीत आपल्यास नवी नाहीं. गॅसची नवी जोडणी मागावयास गेलें म्हणजे शेगडीही आमच्याकडूनच घ्या असा आग्रह होतो, हा अनुभव पुष्कळांच्या पदरीं असेल. माझ्या नोकरीच्या काळांत पाठ्यपुस्तकाबरोबर गाईड पालकांच्या गळ्यांत मारणारे पुस्तकविक्रेते मीं पाहिले आहेत. पण नको असलेली शेगडी माळ्यावर टाकतां येते, आणि माळ्यावर टाकलेली शेगडी रात्रीं खालीं उतरून चुलीवरचें भांडें आपल्याकडे ओढून घेत नाहीं. संगणकांतला आगंतुक वादक नेमकें हेंच करतो.

तें कसें, हें थोडें समजावून घेतलें पाहिजे. संगणकांत सांठविलेल्या प्रत्येक फाईलच्या नांवाच्या शेवटीं, टिंबाच्या पुढें, एक लहानसें शेंपूट असतें. गाण्याच्या फाईलला बहुधा एमपी३ हें शेंपूट असतें. चित्रपटांचीं निराळीं असतात. कोणतें शेंपूट कोणत्या प्रोग्रॅमच्या ताब्यांत आहे ह्याची एक नोंदवही विंडोज ही कार्यप्रणाली आपल्या पोटांत ठेवीत असते. तलाठ्याच्या दप्तरांतील सातबाराच म्हणा ना. नवा वादक संगणकावर बसला कीं तो प्रथम ह्या दप्तरांत शिरून सर्व शेंपटांवर आपलें नांव चढवून घेई. काल ज्या प्रोग्रॅममध्यें भजन उघडत होतें तो आज बाजूस पडे, आणि भजनावर टिचकी मारली म्हणजे कधीं न पाहिलेलें, जाहिरातींनीं लडबडलेलें एक तावदान पडदाभर पसरे. मग जुना वादक मुद्दाम उघडावा, तर तो विचारी, 'मी तुमचा मुख्य वादक होऊं काय?' होय म्हटलें कीं तोही फेरफार आपल्या नांवें करून घेई. दोन भाऊबंदांच्या ह्या वादांत जमिनीच्या मालकास कोणी विचारीत नसे. विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत ही झोंबाझोंबी पुष्कळ कमी झाली आहे. तेथें नोंद बदलावयाची तर ती संगणकाच्या धन्याच्या हातून व्हावी लागते. पण ही सुधारणा यावयास वीस वर्षें लागलीं.

दुसरी गोष्ट संगणक सुरू होण्याच्या वेळची. वादकानें गाणें लावावयाचें तेव्हां जागें व्हावें, एरव्हीं झोपावें, ही साधी अपेक्षा. परंतु संगणक सुरू होतांच आपला एक हस्तक उठवून त्यास पडद्याच्या कोपऱ्यांत, घड्याळाच्या शेजारीं, बसवून ठेवण्याची ह्या मंडळींची रीत होती. आमच्या घरीं पहिला संगणक २००३ सालीं आला. मुलाच्या शिक्षणासाठीं शिक्षकांच्या पतपेढींतून कर्ज काढून तो घेतला होता. त्याची रॅम, म्हणजे काम करतेवेळची स्मृति, १२८ एमबी इतकी होती. आजच्या साध्या स्मार्टफोनांतही तिच्या कितीतरी पट असते. इतक्याशा जागेंत तीन वादकांचे तीन हस्तक सकाळीं सकाळीं पाट मांडून बसत, आणि मुलाला शाळेचा प्रकल्प लिहावयाचा असे तें पान उघडेपर्यंत चहा निवून जाई. त्या वेळीं इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून येई आणि मिनिटामिनिटाचा आकार पडे. आपण एखादें पत्र धाडण्यासाठीं ती तार जोडावी, तर हे हस्तक त्याच तारेवरून आपल्या मालकाकडे नवी आवृत्ति आणि नव्या जाहिराती मागावयास धांवत. पैसे आमचे, तार आमची, आणि तेवढा वेळ गांवाहून येणारा फोन लागत नसे तो निराळाच.

ह्या वादकांचा जन्मच वाईट हेतूनें झाला, असें मात्र समजूं नये. नभोवाणीच्या श्रोत्यांनीं तर त्यांतील एकाचे उपकारच मानले पाहिजेत. १९९५ पूर्वीं संगणकावर एखादें भाषण ऐकावयाचें तर त्याची सबंध फाईल आधीं उतरवून घ्यावी लागे. टेलिफोनच्या तारेचा वेग इतका मंद, कीं भाषण ऐकण्यास लागणाऱ्या वेळाच्या कितीतरी पट वेळ तें उतरविण्यांत जाई. अमेरिकेंतील सिॲटल शहरांत रॉब ग्लेझर ह्या गृहस्थांनीं, जे पूर्वीं मायक्रोसॉफ्ट कंपनींत होते, एक निराळी कंपनी काढली आणि एप्रिल १९९५ मध्यें रिअलऑडिओ नांवाचा प्रोग्रॅम लोकांपुढें ठेवला. आवाज येत असतांनाच ऐकवीत जावयाचा, सबंध फाईलची वाट पाहावयाची नाहीं, ही त्यांतली युक्ति. त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्यांत सिॲटल आणि न्यूयॉर्क ह्या दोन संघांमधील बेसबॉलच्या सामन्याचें धावतें वर्णन अशा रीतीनें इंटरनेटवरून ऐकविण्यांत आलें. जो आवाज आकाशांतून कांहीं शें मैलांवर विरून जात असे, तो तारेवरून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोंचूं लागला. आज आपली नातवंडें परदेशांत बसून येथील कार्यक्रम ऐकतात, त्याची पहिली पायरी ही.

मग बिघडलें कोठें? बिघडलें तें हिशेबांत. श्रोत्याचा वादक फुकट द्यावयाचा आणि प्रक्षेपण करणाऱ्यास लागणारें सॉफ्टवेअर विकत द्यावयाचें, असा हा धंदा होता. जितक्या अधिक घरांत वादक, तितकी प्रक्षेपण-सॉफ्टवेअरला अधिक किंमत. म्हणजे घरांची संख्या हेंच भांडवल झालें, आणि एकदां संख्या हें भांडवल झालें कीं कोणाच्या घरांत कसें शिरलों ह्याचा विचार मागें पडतो. पुढें वादकाच्या अंगावर जाहिराती आल्या, संदेशपेट्या आल्या, विकत आवृत्तीचें बटण ठळक झालें आणि फुकट आवृत्तीचा दुवा बारीक अक्षरांत कोपऱ्यांत गेला. १९९९ च्या अखेरीस असें उघडकीस आलें, कीं त्याच कंपनीचा रिअलज्यूकबॉक्स हा दुसरा प्रोग्रॅम ऐकणाराच्या संगणकाला एक ओळखक्रमांक देऊन, तो कोणतें संगीत ऐकतो ह्याची माहिती कंपनीकडे पाठवीत होता. बोभाटा झाल्यावर कंपनीनें माफी मागितली व दुरुस्ती दिली. पीसी वर्ल्ड ह्या अमेरिकन मासिकानें २००६ सालीं आजवरच्या पंचवीस अत्यंत वाईट तांत्रिक वस्तूंची यादी छापली, तींत रिअलप्लेअरला दुसरें स्थान मिळालें. त्यानंतर जानेवारी २००८ मध्यें, हार्वर्ड आणि ऑक्सफर्ड येथील विद्यापीठीय संस्थांच्या आश्रयानें चालणाऱ्या स्टॉपबॅडवेअर ह्या उपक्रमानें त्याच्या दोन आवृत्त्यांवर शिक्का मारला. कारणें मोठीं बोलकीं होतीं. एका आवृत्तींत संदेशपेटी जाहिराती दाखविते हें नीट सांगितलें नव्हतें. दुसरी आवृत्ति आपल्याबरोबर आणखी एक वादक गुपचूप बसवी, आणि मूळ वादक काढून टाकला तरी तो दुसरा मागें राही. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ह्याच्याही पलीकडची ही गोष्ट झाली. येथें भट निघून गेला तरी त्याचा भाचा ओसरीवर कायम.

आतां दुसरी बाजू. ज्या कंपनीच्या हातीं कार्यप्रणालीच आहे तिला दुसऱ्याच्या पाठीवर बसून येण्याची गरज काय? मायक्रोसॉफ्टनें आपला विंडोज मीडिया प्लेअर विंडोजच्या पोटांतच घालून दिला. नवा संगणक घेणारास तो आपोआप मिळे, आणि काढूं म्हटलें तर निघत नसे. अमेरिकेच्या न्यायखात्याशीं २००१ सालीं झालेल्या तडजोडीनंतर, २००२ च्या सप्टेंबरांत विंडोज एक्सपीला जी जोड मिळाली तींत हा वादक दृष्टीआड करण्याची सोय आली. परंतु ती केवळ पडदा ओढण्याची सोय. चिन्ह दिसेनासें होई, सॉफ्टवेअर जागच्या जागीं असे.

युरोपीय आयोगानें हा प्रश्न अधिक गंभीरपणें घेतला. २४ मार्च २००४ रोजीं आयोगानें निर्णय दिला, कीं विंडोजला हा वादक बांधून देणें हा बाजारांतील प्रबळ स्थानाचा गैरवापर आहे. सुमारें ४९ कोटी ७० लाख युरो दंड झाला. तो ह्या एकाच गोष्टीबद्दल नव्हता. दुसऱ्यांच्या यंत्रणांस विंडोजशीं जुळवून घेण्यास लागणारी माहिती दडवून ठेवल्याचा दुसरा आरोपही त्यांत होता. शिवाय वादक नसलेली विंडोज बाजारांत आणावी असा हुकूम झाला. १७ सप्टेंबर २००७ रोजीं युरोपीय न्यायालयानें आयोगाचाच निर्णय मुख्यतः कायम केला. दक्षिण कोरियांतही २००५ च्या डिसेंबरांत असाच निकाल लागला. मध्यंतरीं रिअलप्लेअरच्या कंपनीनें मायक्रोसॉफ्टवर भरलेला दावा ऑक्टोबर २००५ मध्यें ७६ कोटी १० लाख डॉलरांवर मिटला.

ह्या सर्व खटल्यांतून त्या वेळीं घरांतल्या माणसाच्या पदरांत काय पडलें, असें विचाराल तर फारसें कांहीं नाहीं. हुकुमाप्रमाणें वादक नसलेली विंडोज निघाली. तिला 'एन' आवृत्ति म्हणतात. पण तिची किंमत वादक असलेल्या आवृत्तीइतकीच ठेवली होती. दोन ताटें मांडलीं, एक भरलेलें आणि एक चटणीकोशिंबीर काढून घेतलेलें, आणि दोहोंचें मोल सारखेंच सांगितलें, तर दुसरें ताट कोण उचलील? मोठ्या संगणक-उत्पादकांनीं ती आवृत्ति घेतलीच नाहीं. मायक्रोसॉफ्टचें म्हणणें असें, कीं वादकाशिवाय कार्यप्रणाली म्हणजे नळाशिवाय घर; लोकांस तो हवाच असतो. ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. आमच्या शेजारच्या आजीबाईंना हरिपाठ लावून देतांना त्यांस आधीं वादक निवडावयास सांगणें हा शुद्ध छळ होईल. माझा आक्षेप नळाला नाहीं. हा नळ काढतां येणार नाहीं, त्याच्या तोटींतून आम्ही ठरवूं तेंच पाणी येईल, आणि तुम्ही किती पाणी पितां ह्याची नोंद आम्ही ठेवूं, ह्या तीन गोष्टींना आहे.

त्यांतील दुसरी गोष्ट मला स्वतःला जाचली, ती सांगतों. माझ्या आईच्या जात्यावरील ओव्या धाकट्या भावानें १९८८ सालीं टेपरेकॉर्डरवर घेऊन ठेविल्या होत्या. आई १९९६ सालीं गेली. पुढें तालुक्याच्या गांवीं एका स्टुडिओवाल्याकडून त्या कॅसेटची सीडी करून घेतली, आणि २००४ सालीं ती सीडी संगणकांत घालून, तेथें असलेल्या एका वादकाच्या साहाय्यानें ओव्या उतरवून घेतल्या. त्या वादकाचें नांव येथें घेत नाहीं, आणि मुद्द्यासाठीं त्याची गरजही नाहीं. त्या काळच्या कांहीं वादकांत अशी योजना असे, कीं सीडीवरून उतरविलेल्या प्रत्येक गाण्याला एक कुलूप बसावयाचें आणि त्याची किल्ली त्या एका संगणकाच्या पोटांत राहावयाची. कुलूप हवें कीं नको ह्याची खूण कारखान्यांतूनच 'हवें' अशी करून आलेली असे. दोन वर्षांनीं संगणक नादुरुस्त झाला. दुरुस्ती करणारानें विंडोज नव्यानें बसविली. ओव्यांच्या फाईली दुसऱ्या कप्प्यांत होत्या, त्या सुखरूप राहिल्या. पण पहिल्या ओवीवर टिचकी मारतांच पडद्यावर इंग्रजींत सूचना आली, कीं हें संगीत ऐकण्याचा परवाना आपल्याजवळ नाहीं.

माझी आई नऊवारी नेसून, पहाटे कंदिलाच्या उजेडांत, नाचणी दळतांना गाइलेली ती ओवी. तिचा परवाना देणारा हा कोण? सीडी तोंवर चरे पडून निकामी झाली होती. सुदैवानें मूळ कॅसेट भावाच्या कपाटांत होती. ती पुन्हां लावून सर्व ओव्या नव्यानें, कुलुपाशिवाय, उतरवून घेतल्या. फीत शेवटीं शेवटीं चिकटली होती, त्यामुळें अखेरच्या तीन ओव्या गेल्या. त्यांतली एक माझ्या थोरल्या बहिणीच्या नांवाची होती, एवढें घरांत सर्वांना आठवतें. शब्द कोणालाच आठवत नाहींत.

कुलपांची ही हौस कोठवर जाऊं शकते ह्याचें उदाहरण त्याच सुमारास जगापुढें आलें होतें. सोनी बीएमजी ह्या संगीत-कंपनीनें अमेरिकेंत विकलेल्या कांहीं सीडी संगणकांत घातल्या, कीं त्यांतील गाणीं त्याच सीडीवर आलेल्या वादकांतून ऐकावीं लागत. त्या वादकाबरोबर आणखी एक प्रोग्रॅम संगणकांत जाऊन लपे. इतका, कीं खुद्द विंडोजलाही तो दिसत नसे. मार्क रुसिनोविच ह्या संगणकतज्ज्ञानें ३१ ऑक्टोबर २००५ रोजीं हें जाहीर केलें. ह्या लपणाऱ्या प्रोग्रॅमचा आडोसा घेऊन इतर घातक प्रोग्रॅमही दडूं लागले. कंपनीनें तो काढण्यासाठीं जें साधन प्रथम दिलें त्यानेंच संगणकाला नवें भगदाड पडलें. शेवटीं नोव्हेंबरांत त्या सीडी बाजारांतून परत घ्याव्या लागल्या. दुकानांत रोख पैसे मोजून, पावती घेऊन आणलेल्या गाण्याच्या तबकडीनें घर फोडावें, हें मला आजही विलक्षण वाटतें.

परंतु लपून शिरणारे थोडे. बहुतेक आगंतुक राजरोस दारानें येतात आणि आमचीच संमति दाखवितात. ही संमति कशी मिळविली जाते तें पाहण्यासारखें आहे. आपण एखादा उपयोगी प्रोग्रॅम बसवावयास घेतों. एकामागून एक चार-पांच तावदानें येतात, प्रत्येकावर बारीक इंग्रजी मजकूर, आणि खालीं 'नेक्स्ट' म्हणजे 'पुढें' असें बटण. त्यांतील तिसऱ्या-चौथ्या तावदानावर एक लहान चौकोन असतो, त्यांत बरोबरची खूण आधींच केलेली असते, आणि शेजारीं लिहिलेलें असतें कीं अमुक वादक अथवा तमुक पट्टीही बसवावी. खूण आपण केलेली नसते. ती पुसली नाहीं, एवढाच आपला गुन्हा. मार्च २००८ मध्यें ॲपल कंपनीनें विंडोजवरील आपल्या अद्ययावत करण्याच्या प्रोग्रॅममधून, ज्यांनीं गाण्यांसाठीं आयट्यून्स किंवा क्विकटाईम घेतलें होतें त्यांच्यापुढें सफारी हा ब्राउझर अशीच खूण करून ठेविला. फायरफॉक्स बनविणाऱ्या मोझिला संस्थेचे त्या वेळचे प्रमुख जॉन लिली ह्यांनीं त्यावर जाहीर टीका केली, आणि पुढच्याच महिन्यांत ॲपलनें नवीं सॉफ्टवेअरें निराळ्या रकान्यांत दाखविण्यास सुरुवात केली.

मौन हें संमतीचें लक्षण, असें आपल्याकडे म्हणतात. पण ज्याला प्रश्नाची भाषाच समजलेली नाहीं त्याच्या मौनाला काय म्हणावें? चाळिशी उलटल्यावर मीं एमएस-सीआयटीची परीक्षा दिली. सरकारी व निमसरकारी नोकरांस ती द्यावीच लागे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शिक्षकाचा पेशा, रोजचें वर्तमानपत्र इंग्रजीचेंही अधूनमधून चाळणारा. तरी त्या तावदानांवरील कायद्याची इंग्रजी मला सरळ लागत नसे. मग ज्या घरांत इयत्ता सातवींतला मुलगा हाच संगणकाचा जाणता, तेथें काय होणार? मुलें एकमेकांस शिकवीत, 'नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट आणि फिनिश.' त्यांना दोष देतां येत नाहीं. परीक्षेच्या पेपरांत एखाद्या प्रश्नाचें उत्तर आधींच छापून ठेवून, 'विद्यार्थ्यानें तें खोडलें नाहीं म्हणून तें त्याचेंच उत्तर' असें कोणी परीक्षक म्हणाला असता, तर त्यास आम्ही दुसऱ्या वर्षीं पेपर तपासावयास बोलाविलें नसतें.

कायद्याला ही गोष्ट उशिरां कां होईना उमजूं लागली आहे. १ ऑक्टोबर २०१९ रोजीं युरोपीय न्यायालयानें प्लॅनेट४९ ह्या प्रकरणांत स्पष्ट केलें, कीं आधींच केलेली खूण ही संमति नव्हे. तो वाद संकेतस्थळें आपल्या संगणकांत ठेवतात त्या कुकी नांवाच्या नोंदींपुरता होता. आपल्याकडे २०२० च्या ई-वाणिज्य ग्राहक संरक्षण नियमांनीं, खरेदीची संमति अशा आधीं केलेल्या खुणांनीं घेण्यास मनाई केली. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांची यादी जाहीर केली. न मागितलेली वस्तु टोपलींत सरकवणें आणि एका कामासाठीं दुसरें करावयास भाग पाडणें हे दोन्ही तींत आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा संसदेनें २०२३ सालीं केला त्यांत, संमति मागणारा मजकूर इंग्रजींत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींतील कोणत्याही भाषेंत वाचण्याची मुभा असावी, अशी तरतूद आहे. त्या अनुसूचींत मराठी आहे. हीच तरतूद सॉफ्टवेअर बसविण्याच्या तावदानांनाही लागू करावी, एवढें मागणें मला मुळींच मोठें वाटत नाहीं.

फुकट मिळणारा प्रत्येक वादक असाच असतो असें समजून कोणी कान उपटून घेऊं नये. पॅरिसच्या इकोल सान्ट्राल ह्या अभियांत्रिकी विद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं १९९६ सालीं सुरू केलेल्या प्रकल्पांतून व्हीएलसी हा वादक जन्मला, आणि २००१ सालीं तो मुक्त परवान्याखालीं सर्वांस खुला झाला. त्यांत जाहिरात नाहीं, हेरगिरी नाहीं, पाठीवर बसून येणारा दुसरा कोणी नाहीं. पण लोकांची अक्कल पाहा: त्याच्या चांगुलपणाचाच कांहींनीं धंदा केला. दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर हाच व्हीएलसी जाहिरातींच्या पट्ट्या चिकटवून दिला जाई, आणि २०११ सालीं त्याच्या कर्त्यांना ह्याविरुद्ध जाहीर तक्रार करावी लागली. आणि आपल्या देशांत काय झालें? २०२२ च्या फेब्रुवारीपासून व्हीएलसीचें मूळ संकेतस्थळ भारतांतून उघडेनासें झालें, तें कायदेशीर नोटिशीनंतर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पुन्हां खुलें झालें. स्वच्छ विहिरीला कुलूप घातलें म्हणजे तहानलेला माणूस डबक्याकडे जातो. त्या नऊ महिन्यांत तो वादक ज्यांस हवा होता त्यांनीं तो आणखी कोठून कोठून उतरवून घेतला असेल, आणि त्याबरोबर काय काय आलें असेल, ह्याचा हिशेब कोणी ठेविला नाहीं.

आतां वेळ थोडा उरला आहे. तो उपयोगाच्या गोष्टींस देतों. जुना संगणक अजून ज्यांच्या घरीं चालतो त्यांनीं त्यांत क्विकटाईम आहे काय तें पाहावें. आयट्यून्सबरोबर तो पुष्कळ वर्षें आपोआप येत असे, त्यामुळें तो आहे हेंच अनेकांस ठाऊक नसतें. ॲपलनें विंडोजवरील क्विकटाईमची देखभाल थांबविली, आणि एप्रिल २०१६ मध्यें त्यांत दोन उघडीं भगदाडें सांपडल्यावर अमेरिकन सरकारच्या संगणक-सुरक्षा विभागानें तो काढून टाकण्याचा सल्ला दिला. न बोलावितां आलेला पाहुणा विस्मृतींत गेला, तरी त्याच्या खोलीची खिडकी उघडीच राहते, ती अशी.

नवें सॉफ्टवेअर घ्यावयाचें तें ज्यानें बनविलें त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावें. शोधयंत्रांत पहिल्या ओळींत जें येतें तें पुष्कळदां जाहिरात असतें, म्हणून खालचा पत्ता वाचावा. बसवितांना 'टिपिकल' अथवा 'एक्सप्रेस' आणि 'कस्टम' असे मार्ग पुढें येतात, त्यांतील 'कस्टम' घ्यावा. आगंतुकांचे चौकोन बहुधा त्याच वाटेवर दिसतात, आणि दिसले म्हणजे पुसतां येतात. संगणक सुरू होतांना कोण कोण उठतें हें पाहण्यासाठीं विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळी एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि त्यांत 'स्टार्टअप' हा भाग काढावा. तेथें ज्यांचीं नांवें ओळखीचीं आहेत आणि ज्यांची सकाळीं गरज नाहीं, त्यांस 'डिसेबल' म्हणावें. ते मरत नाहींत, झोपून राहतात. नांव अनोळखी असेल तर हात लावण्यापूर्वीं कोणा जाणत्यास विचारावें. जुन्या गाण्यांच्या फाईली डब्ल्यूएमए ह्या शेंपटाच्या असल्या, तर ज्या संगणकावर त्या उतरविल्या तो चालू आहे तोंवरच त्या दुसऱ्या ठिकाणीं लावून पाहाव्या. तेथें न वाजल्या, तर मूळ तबकडी किंवा कॅसेट शोधून काढावी, आणि ती कोरड्या जागीं, लोहचुंबकापासून दूर, उभी करून ठेवावी.